दोन भाषांच्या घरी मोजणीचा पाठ

अक्कलकोट, जत या बाजूस कित्येक घरी आई कानडी व बाप मराठी बोलतो. अशा घरचे लेकरू ‘तेवीस’ ऐकून पाटीवर ३२ लिहिते, तेव्हा वडील माणसे त्यास मंद ठरवून आईस कानडी बोलण्याची मनाई करितात. आईबापहो, हा न्याय नव्हे. मराठीत ‘तेवीस’ म्हणताना तिनाचा उच्चार आधी होतो व विसाचा मागून. पाटीवर मात्र २ आधी लिहावा लागतो. कानडीत ‘इप्पत्तमूरु’, म्हणजे वीस आणि तीन, असे लिहिण्याच्याच क्रमाने म्हणतात. तेव्हा आईची भाषा येथे अडचण नसून साहाय्य आहे.

रीत अशी: चिंचोक्यांच्या दहादहांच्या दोन ढिगल्या करून तीन सुटे ठेवावे. ते आईने आपल्या भाषेत मोजावे, मग बापाने आपल्या. नंतर लेकराने ढिगल्यांचा अंक डावीकडे व सुट्यांचा उजवीकडे लिहावा. नावे दोन, पण चिंचोके तेच, हे ज्यास हातांनी कळले त्याची मोजणी पक्की झाली. आईचे तोंड बंद करून कोणतेही लेकरू शहाणे होत नाही.