होडीला कोणते इंजिन परवडेल?

होडीसाठी इंजिन घ्यायला निघालात, तर दुकानात भाव विचारण्याआधी घरी बसून एक आकडा काढा: वर्षभरात ते एकूण किती तास चालणार? मागे लटकवायचे आउटबोर्ड परवडेल की होडीच्या पोटात बसवलेले (इनबोर्ड) डिझेल इंजिन, हे त्यावरच ठरते.

आधी इंधन. दहा अश्वशक्तीचे जुन्या धर्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड पूर्ण जोरावर तासाला चार-पाच लिटर पेट्रोल पिते, शिवाय त्यात मिसळायचे ऑईल वेगळे. फोर-स्ट्रोकला साडेतीन लिटरच्या आसपास लागते. तेवढ्याच ताकदीचे डिझेल इंजिन अडीच लिटरच्या आत भागवते. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये धरा. रोज चार तास चालवले, तर टू-स्ट्रोक आणि डिझेल यांत दिवसाला हजाराच्या आसपास फरक पडतो. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी आणि वाऱ्यापावसाचे दिवस वजा जाता दोनशे दिवस समुद्रात गेलात, तर वर्षाला सुमारे दोन लाख. पूर्ण जोर नेहमी लागत नाही, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. मच्छीमार संस्थेमार्फत डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, पण तो वेळेवर येईलच असे नाही. तो हिशेबात धरू नका.

आता देखभाल. आउटबोर्डला खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने आतून धुवावे लागते. खर्च शून्य, तरीही कंटाळा इथेच केला जातो आणि मीठ साचून इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटा बुजतात. पाणी खेचणारा रबरी इंपेलर स्वस्त असतो. तो वेळेवर न बदलल्याने तापून गेलेले इंजिन महाग पडते. गिअर ऑईल दर शंभर तासांनी बदला. ते दुधाळ निघाले, तर आत पाणी शिरले आहे. पंखा काढून बघा, मागे बहुधा तंगूस गुंडाळून सील कापलेले सापडेल.

इनबोर्डचा खर्च सुट्या भागांपेक्षा खोळंब्यात जास्त आहे. आउटबोर्ड दोघांनी उचलून मेकॅनिककडे नेता येते. इथे मेकॅनिकला होडीवर आणावे लागते, आणि शाफ्टचे किंवा पंख्याचे काम निघाले की होडीच किनाऱ्यावर ओढावी लागते. तेवढे दिवस मासळी नाही, खलाशांचे पैसे मात्र चालू. शाफ्ट होडीबाहेर पडतो तिथल्या ग्लँडमधून पाणी थेंब थेंब येणे ठीक. धार लागली की पॅकिंग बदला. ती थांबवण्यासाठी नट करकचून आवळू नका, शाफ्टला खाच पडते. पावसाळ्यात ओढून ठेवलेली लाकडी होडी पाण्यात गेल्यावर आकार किंचित बदलते, म्हणून इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का, हे दर हंगामाच्या सुरुवातीला तपासून घ्या.

उथळ खाडीत, ओहोटीच्या वेळी ये-जा असेल किंवा वर्षाला शंभर-दीडशे तासच चालणार असेल, तर फोर-स्ट्रोक आउटबोर्ड घ्या. रोज लांब जात असाल, तर डिझेल. जुनी इनबोर्ड होडी पाण्यात पाहून पैसे देऊ नका. ती किनाऱ्यावर ओढायला लावा आणि पंखा हाताने वर-खाली हलवा. शाफ्ट खडखडला, तर बेअरिंग झिजलेले आहे; तो खर्च किमतीतून कापून घ्या.