चर्चमधल्या चहाचं काय करायचं?

प्रश्न : माझी पुतणी नोकरीनिमित्त न्यू जर्सीत राहते. शेजारच्या बाई तिला रविवारी त्यांच्या एपिस्कोपल चर्चला घेऊन जातात. प्रार्थनेनंतर तिथे चहा-कॉफी होते, ओळखी होतात, तिला बरं वाटतं. इकडे माझ्या आईने मात्र डोक्याला हात लावला आहे. नुसतं जाऊन बसल्याने, चहा प्यायल्याने माणूस ख्रिस्ती होतो का? तिथे नेमकं काय चालतं? सभासद कसं होतात? आपल्या बाजूला असं चर्च आहे का?
– एक वाचक, कसारा

उत्तर : नाही होत. आईंना आधी एवढं सांगा आणि मग पुढचं वाचून दाखवा.

त्यांची धास्ती जुनी आहे आणि तिला पुण्याचा मोठा दाखला आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली नामवंत मंडळी व्याख्यानाला जमली. व्याख्यान संपल्यावर मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी प्यायले, कुणी पेल्याला नुसता हात लावला. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. पुढे गोपाळराव जोशांनी उपस्थितांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतलं. पंचहौद मिशन अँग्लिकन होतं, म्हणजे तुमच्या पुतणीच्या चर्चच्याच कुळातलं. आता गंमत बघा. चहा पिणाऱ्यांना ख्रिस्ती ठरवायला निघाले होते ते आपलेच लोक. मिशनच्या लेखी त्यातला एकही माणूस ख्रिस्ती झालेला नव्हता, कारण त्यांच्या नियमात चहाला काही किंमतच नाही.

किंमत आहे ती बाप्तिस्म्याला. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाणी घातलं जातं, तेव्हा माणूस चर्चचा होतो. हे गर्दीत नकळत उरकत नाही. आधी पाळकांशी बोलणं होतं, शिकवणीचे वर्ग होतात. मग मंडळीसमोर उभं करून प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं स्वतःच्या तोंडाने द्यावी लागतात आणि शेवटी नोंदवहीत नाव चढतं. ज्याचा बाप्तिस्मा दुसऱ्या एखाद्या चर्चमध्ये झाला आहे, त्याला तो पुन्हा देत नाहीत. त्याने जुन्या मंडळीचं पत्र आणलं की भागतं, किंवा बिशप भेटीला आले की ते त्याच्या डोक्यावर हात ठेवून दृढीकरण करतात. तुमच्या पुतणीसारखी बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती वर्षानुवर्षं रविवारी गेली तरी पाहुणीच राहते. आणि पाहुणीला कुणी हाकलत नाही.

आता हे एपिस्कोपल कोण? अमेरिकेतले अँग्लिकन. अमेरिका इंग्लंडच्या राजापासून फुटली, तेव्हा तिथल्या अँग्लिकनांची अडचण झाली. बिशप करून घ्यायचा तर इंग्लंडमध्ये राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. ज्या राजाशी नुकतंच युद्ध झालं, त्याचीच! शेवटी सॅम्युएल सीबरी नावाचे पाद्री स्कॉटलंडला गेले आणि १७८४ साली ॲबर्डीनमध्ये बिशप होऊन परतले. पूजेचा थाट जुना आणि कारभार लोकांच्या हातात, असं या चर्चचं मिश्रण आहे. सभासद दरवर्षी सभा भरवून कार्यकारी मंडळ निवडतात, आणि पाळक कोण आणायचा हे ते मंडळ बघतं. स्त्रियांना पाळक होण्याची वाट १९७६ साली मोकळी झाली आणि २००६ मध्ये कॅथरिन जेफर्ट्स शोरी या बाई सगळ्या एपिस्कोपल चर्चच्या प्रमुख बिशप म्हणून निवडल्या गेल्या. तेव्हा वेदीपाशी बाई दिसल्या तर पुतणीने दचकू नये.

रविवारची उपासना साधारण तासाभराची. बाकावर दोन पुस्तकं असतात, एक प्रार्थनेचं, एक गाण्यांचं. कधी उभं राहतात, कधी बसतात, कधी गुडघे टेकतात. पुढच्या बाकावरचे करतील तसं करावं, चुकलं तर कुणी बघत नाही. आधी शास्त्रवाचन आणि प्रवचन, मग सगळ्यांसाठी प्रार्थना, मग एकमेकांना शांतीच्या शुभेच्छा देत हात मिळवणं. त्यानंतर अर्पणाची थाळी फिरते. पाहुण्याने काही टाकलंच पाहिजे असं नाही. नियमित सभासद मात्र वर्षाला किती देणार हे आधी लिहून देतात. वीजबिलापासून पाळकांच्या पगारापर्यंतचा खर्च त्यावर चालतो.

खरा सांभाळायचा क्षण यानंतरचा, प्रभुभोजनाचा. लोक रांगेने पुढे जातात, त्यांना भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारस मिळतो. हे बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं आणि त्यांच्या श्रद्धेत याहून मोठं काही नाही. आपल्याकडे हातावर ठेवलेला प्रसाद नाकारू नये असं वळण असतं, त्यामुळे आपला माणूस भिडेखातर हात पुढे करतो. इथे तसं करू नये. जागेवर बसून राहावं, किंवा पुढे जाऊन दोन्ही हात छातीवर एकमेकांवर आडवे ठेवावेत, म्हणजे पाळक काय ते समजतात आणि नुसता आशीर्वाद देतात. दोन्हीत अवमान नाही. त्यानंतरचा चहा खुशाल प्यावा.

तुमचं पत्र वाचताना मला सारखं कल्याण आठवत होतं. तुमच्या लोकलच्याच वाटेवरचं. आनंदीबाई जोशी तिथल्या, आणि ज्यांनी पुढे पुण्यात चहाची नावं छापवली ते गोपाळराव हे त्यांचेच यजमान. गोपाळरावांनी बायकोला शिकायला पाठवण्यासाठी अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिलं होतं. ख्रिस्ती व्हा, असा सल्ला त्यांना मिळाला. तो पत्रव्यवहार छापला गेला आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या नजरेला पडला. त्यांनी या अनोळखी मुलीला आपल्या घरी ठेवून घेतलं. १८८३ साली निघण्यापूर्वी आनंदीबाईंनी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात सांगून टाकलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. ख्रिस्ती घरात राहिल्या, ख्रिस्ती माणसांनी जीव लावला, आणि शब्द खरा करून परतल्या.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्यांना डॉक्टरकीची पदवी मिळाली, तेव्हा तो सोहळा बघायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाईंनी १८८३ च्या २९ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये वाँटेजच्या अँग्लिकन मठात राहत असताना मुलीसह बाप्तिस्मा घेतला होता. एकीने उंबरठा ओलांडलेला, दुसरीने ठरवून न ओलांडलेला, आणि दोघींत दुरावा नाही. आईंना सांगण्यासारखी गोष्ट मला तरी हीच वाटते. आणखी एक म्हणजे चर्चमध्ये गेल्यावरही रमाबाईंनी आपली बुद्धी कुणाकडे गहाण टाकली नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत काय वाईट, असा त्यांचा वाद होता. इंग्लंडातच चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुषांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेही त्यांना मुळीच पटलं नाही. मठातल्या जेराल्डीन बाईंशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे, त्यात हे सगळं आहे. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारताना त्यांनी कुठल्याच एका पंथाचा शिक्का लावून घेतला नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण शहापूर-मुरबाडकडे हा प्रश्न निघतोच म्हणून सांगतो, दाखल्याचं काय? पाहुणा म्हणून चर्चला गेल्याने जातीच्या दाखल्याला धक्का लागत नाही. प्रत्यक्ष धर्म बदलला तर फरक पडतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरताच आहे. अनुसूचित जमातीला, म्हणजे आपल्या ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी बांधवांना, धर्माची तशी अट त्यांच्या आदेशात नाही.

राहिलं आपल्या बाजूचं चर्च. एपिस्कोपल नावाचं इथे सापडणार नाही. त्याचं आपल्याकडचं भावंड म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, लोक सी.एन.आय. म्हणतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन आणि आणखी पाच मंडळ्या एकत्र येऊन ते झालं. खाली उतरलात तर ठाण्याचं सेंट जेम्स चर्च आहे, १८२५ साली बिशप हेबर यांनी त्याचं समर्पण केलं. मुंबईचं सेंट थॉमस कथीड्रल त्याहून जुनं, १७१८ चं. चर्चगेट हे नाव त्याच्यामुळे पडलं. घाट चढून नाशिकला गेलात तर शरणपूर. अँग्लिकन मिशनने १८५० च्या दशकात ही वस्ती वसवली आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेतले प्रवासी लिव्हिंगस्टन यांच्या शवाबरोबर लंडनपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याने शवपेटीला खांदा दिला. शरणपूर रोडवरून तुम्ही कित्येकदा गेला असाल.

सी.एन.आय.च्या बऱ्याच चर्चमध्ये मराठी उपासना असते, ‘उपासना संगीत’मधली गाणी म्हणतात, पेटी-तबला असला तर आईंना ते भजनासारखंच वाटेल. जमलं तर त्यांनाच घेऊन जा. आधी पाळकसाहेबांना फोन करून मराठी उपासनेची वेळ विचारा, कारण इंग्रजीची वेगळी असते. आणि रविवारचं मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघून निघा.