एल्डरबेरी की पोकवीड?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. घरामागच्या ओढ्याकाठी काळ्या-जांभळ्या फळांचं झुडूप आहे. शेजारी त्याला एल्डरबेरी म्हणतात. बियांपासून ते परसात लावता येईल का?

उत्तर : येईल, पण आधी ओळख पक्की करा. तुमच्याकडे पोकवीड नावाची विषारी वनस्पतीही सर्रास उगवते आणि तिची फळंही काळी-जांभळीच असतात. म्हणून फळं सोडा, पानं पाहा. एल्डरबेरीच्या एका देठावर ५ ते ११ दातेरी पर्णिका असतात आणि पानं फांदीवर समोरासमोर येतात. फळं बारीक, पसरट झुबक्यात. पोकवीडचं पान अखंड, एकाआड एक. खोड रसदार, लालसर-गुलाबी आणि फळं लांबट, लोंबत्या घोसात.

आता बिया. पिकलेली फळं कुस्करून गर धुऊन टाका. पेरल्या आणि उगवल्या असं होत नाही, कारण बी सुप्तावस्थेत असतं. ओलसर वाळूत मिसळून सुमारे दोन महिने घरातल्या उबेत आणि नंतर तीन महिने फ्रीजमध्ये, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. मग पेरा. एवढं करूनही काही बिया पुढच्या वर्षीच उगवतात. मला विचाराल तर छाट कलमच बरं: हिवाळ्याअखेरीस पेन्सिलीएवढी जाड काडी लावली की सहज मुळं धरते.

आणि फळं कच्ची खाऊ नका. पानं, देठ, बिया आणि हिरव्या फळांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. देठ काढून, पिकलेली फळं नीट शिजवूनच वापरा.