ठिपका खाली, गळती वर

जुनी जीप ऑइल टाकणारच, म्हणून सोडून देणारे एकीकडे आणि ठिपका दिसला की गाडी खोलायला निघालेले दुसरीकडे. पैसे दोघांचेही जातात. माझी गाडी महिंद्राची एमएम ५४०. प्युजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन. पुण्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हिंग ब्लॉकवर तिने नकाशे काढायला सुरुवात केली. एका गॅरेजमध्ये बेल हाउसिंगखाली लोंबणारा थेंब बघून लगेच निदान झालं: क्रँकचं मागचं सील गेलं. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस सगळं खाली उतरलं, सील बदललं, मजुरी घसघशीत झाली. थोड्याच दिवसांत थेंब पुन्हा त्याच जागी हजर.

ऑइल येत होतं वरून, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून. तिथलं बुचाचं पॅकिंग उष्णतेने वाळून बिस्किटासारखं झालं होतं. तिथून ओघळ इंजिनच्या पाठीवरून उतरायचा आणि बेल हाउसिंगच्या तळाशी जमायचा. शिवाय गाडी चालताना पंख्याचा वारा ऑइलला मागेच ढकलतो. म्हणून ठिपक्याच्या वर आणि पुढे बघत जायचं. अल्टरनेटर आणि स्टार्टर झाकून, थंड इंजिन नीट धुवायचं. वाळलं की संशय असेल त्या सांध्यांवर साधी टाल्कम पावडर मारायची, कात्रजच्या चढापर्यंत एक चक्कर टाकून यायची आणि बॅटरीच्या उजेडात बघायचं. पांढऱ्या पावडरीतून काळी ओली रेघ निघालेली दिसते. तिचं वरचं टोक सापडलं की निम्मं काम झालं. एवढं केल्याशिवाय गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका.

फोर व्हील ड्राइव्ह गाडीत आणखी एक घोळ असतो. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा-मागचा डिफरन्शियल, प्रत्येकाचं ऑइल वेगळं आणि प्रत्येकाला गळायची हौस. थेंब बोटावर घ्या. डिझेल इंजिनातलं वापरलेलं ऑइल काळंकुट्ट असतं; गिअर ऑइल जाड आणि त्याला गंधकासारखा उग्र वास. बेल हाउसिंगखाली दोन्ही येऊ शकतात, त्यामुळे ही वास घ्यायची तपासणी हजारो रुपये वाचवते.

मग ब्रीदर. याकडे कोणी बघतच नाही. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली निसटतोच आणि तो ब्रीदरच्या पाइपातून बाहेर पडावा अशी सोय असते. पाइप गाळाने चोंदला की आत दाब साठतो आणि जिथलं सील कमजोर, तिथून ऑइल बाहेर ढकलतो. अशा वेळी एक सील बदललं की दुसरं गळतं. पाइप काढून साफ करायला खर्च जवळपास नाही. तो साफ असूनही, इंजिन चालू असताना ऑइलचं टोपण उघडल्यावर भकाभका धूर येत असेल, तर ज्याला मिस्त्री ‘बॅक कम्प्रेशन’ म्हणतात तो प्रकार आहे. तिथे रिंगा-लायनरचंच काम निघणार; नवी सीलं म्हणजे पैसे पाण्यात.

सिलिकॉनच्या ट्यूबवर माझा राग आहे. पॅकिंगवर थापलेला जादा थर आतल्या बाजूला निघतो, तुटतो आणि तुकडे चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या, पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. गळती थांबते आणि ऑइलचा दाब पडतो! पत्र्याच्या चेंबरचे बोल्ट जोर लावून आवळणं हाही तसलाच उद्योग. कड वाकते, मग कुठलंच पॅकिंग बसत नाही. कड सपाट ठोकून घ्या, बोल्ट हलक्या हाताने आणि आळीपाळीने आवळा.

सुटे भाग नाना पेठेत मिळतात. जाताना जुनं सील सोबत न्या. त्याच्या अंगावर मापं कोरलेली असतात, ती जुळवा. ज्या शाफ्टवर ते बसतं तिथे नखाला लागेल असा चर पडला असेल, तर नवं सीलही गळणार, हे मिस्त्रीला आधीच दाखवा.

थोडं पाझरणाऱ्या गाडीसोबत वर्षानुवर्षं राहता येतं, डिपस्टिक दर आठवड्याला बघितली तर. तीन बाबतींत मात्र दुरुस्ती लांबवू नये: ऑइल क्लचप्लेटवर जात असेल (ताम्हिणीच्या चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी सरकत नाही), सायलेन्सरच्या गरम पाइपावर पडत असेल, किंवा अल्टरनेटरमागच्या व्हॅक्यूम पंपाचा ऑइल पाइप भेगाळला असेल. हा पाइप फुटला तर चेंबर बघता बघता रिकामा होतो. ऑइलचा दिवा लागला की त्याच क्षणी इंजिन बंद करा, घाट उतरून बघू म्हणू नका. शिवाय पुण्यात आपल्या मागे नेहमी दुचाकीच असते. पावसात रस्त्यावरच्या ऑइलवर गाड्या घसरतात आणि अग्निशमन दलाला माती टाकायला यावं लागतं.

आणि इंजिन धुऊन चकाचक केलेली जुनी जीप कोणी विकायला आणली, तर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत चालवून आणा, खाली पुठ्ठा घालून अर्धा तास उभी ठेवा आणि मगच किमतीचं बोला.