साच्याने कापलेला खाऊ आणि तृणधान्यांचे पीठ

मुलांना एकदा पिठात हात घालू दिला की ती स्वयंपाकघरातून लवकर बाहेर पडत नाहीत, हा बहुतेक घरांतील अनुभव आहे. आकार कापण्याचे साचे या कामी विशेष उपयोगी ठरतात. बाजारात ते कुकी कटर या नावाने मिळतात. तारा, मासा, पान, फुलपाखरू अशा आकारांत वळविलेल्या त्या पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. खाद्यपदार्थाला आकार देण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. बिहारमधील ठेकुआवर लाकडी साच्याची नक्षी उमटते, बंगालमध्ये संदेश साच्यात दाबून घडवितात, आणि महाराष्ट्रात करंजीची कड व शंकरपाळी कातण्याने कापतात. ठेकुआचा साचा पिठावर ठसा उमटवितो, कातणे मात्र पीठ कापते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकाराचा, म्हणजे कापणाऱ्या साच्यांचा विचार केला आहे.

आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष २०२३ च्या निमित्ताने ज्वारी, बाजरी व नाचणीची बिस्किटे आणि केक यांच्या कृती मोठ्या प्रमाणावर प्रचारात आल्या. त्यांतील अनेक कृतींत बिस्किटे हाताने गोल वळून चपटी करण्यास सांगितलेले असते. याचे कारण असे की, या पिठांना साचा सहजासहजी मानवत नाही. मुलांना मात्र साचाच हवा असतो.

गेल्या हिवाळ्यात सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांसाठी आम्ही असा एक वर्ग घेतला. पहिल्या दिवशी निव्वळ ज्वारीचे पीठ मळले. ताऱ्याची पाचही टोके साच्यातच अडकून राहिली, माशाची शेपटी तुटली आणि अर्ध्या तासात मुलांनी पिठाच्या गोळ्या करून एकमेकांना मारण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या दिवशी मी पिठात निम्मी कणीक मिसळली. आकार उत्तम आले. त्या वेळी आठ वर्षांची एक मुलगी हात मागे बांधून भिंतीशी उभी राहिली. तिला सिलिॲक आजार होता व गहू पूर्णपणे वर्ज्य होता. आदल्या दिवशी तुटक्या ताऱ्यांवर सर्वांत अधिक हसणारी तीच होती. नावनोंदणीच्या कागदावर तिच्या आईने आजाराची नोंद केलेली होती. ती मी वाचली नव्हती. ज्वारी निर्धोकपणे खाऊ शकणाऱ्या मुलीलाच ज्वारीच्या वर्गात मी पोळपाटापासून दूर केले होते. पुढील पद्धत त्यानंतरच्या प्रयोगांतून निश्चित केली.

गव्हाच्या पिठात पाणी मिसळून मळले असता त्यातील दोन प्रथिनगटांपासून ग्लुटेनचे लवचीक जाळे तयार होते. साचा दाबल्यावर कड फाटत नाही, ती या जाळ्यामुळे. ज्वारीतील काफिरिन हे प्रथिन साध्या मळण्याने असे जाळे विणत नाही. नाचणी व बाजरीचीही स्थिती तशीच आहे. मग भाकरी कशी थापली जाते? याचे उत्तर भाकरी करणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. पीठ विरी गेले असेल, तर ती त्यात आधणाचे पाणी घालते. उष्णतेने पिठातील स्टार्च फुगून चिकट होतो आणि प्रथिनांचे काम करू लागतो. हीच युक्ती बिस्किटाच्या पिठाला लागू पडते.

ज्वारीचे २०० ग्रॅम पीठ घ्यावे. त्यातील ४० ग्रॅम पीठ ६० मिलिलिटर दुधात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवावे. मोदकाच्या उकडीसारखा गोळा जमला की उतरवून झाकून पूर्ण गार करावा. दुसऱ्या भांड्यात ७० ग्रॅम थिजलेले तूप व ७० ग्रॅम पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेसावी. त्यात उकड, उरलेले पीठ, चिमूटभर मीठ व वेलचीपूड घालून मळावे. पीठ कोरडे वाटल्यास चमचाभर दूध शिंपडावे. ज्वारीच्या वाणानुसार व दळणाच्या बारीकपणानुसार दूध कमीअधिक लागते. बेकिंग पावडर घालू नये. ती घातल्यास बिस्किट फुगते आणि फुलपाखराचे पंख एकमेकांना चिकटतात. गूळ ओलावा धरतो, त्यामुळे आकाराची कड विरते. साच्याच्या बिस्किटांपुरती तरी पिठीसाखरच बरी. मळलेला गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा. तूप घट्ट झाल्यावर साच्याची कड स्वच्छ उमटते. यातील निम्मे पीठ नाचणीचे घेण्यास हरकत नाही. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३४० ते ३६५ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि नाचणीची लापशी पाहून तोंड फिरविणारे मूल नाचणीचा हत्ती मात्र सोंडेपासून खाऊ लागते. बाजरी वापरायची असल्यास पीठ ताजे दळलेले असावे. तिच्यातील स्निग्धांशामुळे पीठ लवकर कडवट होते.

गहू वर्ज्य असलेल्या मुलासाठी केवळ कृती बदलून भागत नाही. शेजारच्या गिरणीत गव्हानंतर दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ हमखास मिसळते. भारतीय नियमांनुसार ग्लुटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात ग्लुटेनचे प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. हे प्रमाण इतके अल्प आहे की जात्याच्या पाळीत राहिलेली चिमूटही ते ओलांडू शकते. म्हणून तसा स्पष्ट उल्लेख असलेले पाकीटबंद पीठ घ्यावे, किंवा धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरच्या स्वच्छ मिक्सरमध्ये दळून बारीक चाळणीने चाळावे. ही चाळणीदेखील गव्हाच्या पिठाची नसावी. लाकडी पोळपाट-लाटण्याच्या भेगांत जुनी कणीक राहते. त्याऐवजी स्टीलचे ताट पालथे घालून त्यावर लाटावे व लाटणे वेगळे ठेवावे. सर्वांत सोपा मार्ग असा की, त्या दिवशी टेबलावर गहू आणूच नये. सर्व मुलांनी एकच पीठ लाटावे.

साचा निवडताना बारीक टोके व अरुंद माना असलेले आकार टाळावेत. पाच पाकळ्यांचे फूल चालते, हरिणाची शिंगे चालत नाहीत. पत्र्याच्या साच्याची एक कड धारदार व दुसरी दुमडलेली असते. घाईत मूल साचा उलटा धरते व तळहाताने जोर देते. तळहात कापण्याचे बहुतेक प्रसंग असेच घडतात. दुमडलेल्या कडेला रंगीत चिकटपट्टी लावल्यास वरची बाजू चटकन ओळखता येते. तीन-चार वर्षांच्या मुलांना स्टीलची वाटी किंवा डब्याचे झाकण पुरेसे आहे. वापरानंतर पत्र्याचे साचे लगेच धुऊन, पुसून, कोमट भट्टीत वाळवावेत, अन्यथा दुसऱ्याच दिवशी गंज धरतो. कच्चे पीठ चाटू देऊ नये. त्यात अंडे नसले तरी न शिजवलेल्या पिठातून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

गोळा दोन बटर पेपरांमध्ये ठेवून ५ ते ६ मिलिमीटर जाड लाटावा. वरचा कागद काढून साचा सरळ खाली दाबावा, फिरवू नये. मुले स्वभावतः पोळीच्या मधोमध पहिला साचा दाबतात आणि भोवतालचे पीठ वाया घालवितात. येथे थोडे गणित शिकविता येते. वर्तुळे सरळ रांगांत कापली, तर पोळीचा सुमारे ७८ टक्के भाग वापरला जातो. दुसरी रांग पहिल्या रांगेच्या खाचांत बसविली, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी रचना केली, तर सुमारे ९० टक्के. षट्कोनी साच्याने मधला कचरा जवळजवळ उरतच नाही. आपल्या शंकरपाळीचा चौकोन ज्या कोणी प्रथम कातला, तिला हे गणित हातानेच कळले असावे. उरलेले तुकडे एकदाच पुन्हा लाटावेत. प्रत्येक वेळी कोरडे पीठ लागत जाते व तडे वाढतात.

बिस्किटे १६० अंश सेल्सिअसला १४ ते १६ मिनिटे भाजावीत. नाचणी मुळातच गडद असल्याने रंगावरून भाजणी ओळखता येत नाही. खमंग वास सुटला व कड बोटाला टणक लागली की काढावीत. भट्टीचे काम मोठ्यांनीच करावे. गरम बिस्किटे उचलू नयेत, ती गार होताना घट्ट होतात.

केकवर हेच साचे दोन प्रकारे वापरता येतात. केकवर दह्याचा चक्का किंवा मलईचा पातळ थर द्यावा, त्यावर साचा ठेवून त्याच्या आत किसलेले सुके खोबरे किंवा भाजलेले तीळ भरावेत आणि साचा अलगद वर उचलावा. खोबऱ्याला बीटच्या रसाने गुलाबी रंग येतो. हा रंग उष्णतेने फिका पडतो, म्हणून तो भाजल्यानंतरच्या सजावटीतच वापरावा. हळदीचा पिवळा रंग भट्टीतही टिकतो. पालकाचा हिरवा मात्र भाजल्यावर मळकट होतो. दुसरा प्रकार म्हणजे काजूकतलीसारखे मिश्रण पातळ लाटून त्याचे आकार कापणे व केकवर चिकटविणे. घट्ट पपई व किंचित वाफवलेले गाजर यांचे ४ मिलिमीटर जाडीचे कापही साच्याने सुबक कापले जातात. चिकू मऊ पडतो, त्याच्या वाटेला जाऊ नये.

तिसऱ्या दिवशी उकडीचे पीठ घेऊन वर्ग पुन्हा भरला. त्या मुलीच्या आईने पिठाचे पाकीट हाती घेऊन त्यावरील मजकूर दोनदा वाचला, ताट व लाटणे पाहिले, मग मान डोलावली. मुलीने अकरा मासे कापले. त्यांतील एकाची शेपटी तुटली, ती तिने दुधाच्या बोटाने जोडली. भाजल्यावर सांध्याची रेघ दिसत होती. घरी नेताना तिने तोच मासा डब्यात सर्वांत वर ठेवला.