प्लगिन काढण्याआधी एरर लॉग वाचा

साइट कोसळली की पहिला संशय काल-परवा टाकलेल्या प्लगिनवर जातो. पेणच्या एका गणपती कारखान्यात तसंच झालं, आणि दोषी निघालं ते कित्येक वर्षं बिनतक्रार चाललेलं जुनं प्लगिन. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या छोट्या व्यवसायांच्या वर्डप्रेसवर चालणाऱ्या वेबसाइट मी सांभाळतो. तिथे जे पाहिलं ते सांगतोय, कारण अशा एकेका साइटवर अख्ख्या घराचा हंगाम अवलंबून असतो, आणि ऐन हंगामात घाबरून केलेली दुरुस्ती मूळ बिघाडापेक्षा महाग पडते.

2023 साल. अधिक श्रावणामुळे गणपती लांबले होते, चतुर्थी 19 सप्टेंबरला होती. कारखान्यात रंगकाम उरकत आलं होतं, डोळ्यांची आखणी चालली होती. मुंबई-ठाण्याकडची गिऱ्हाइकं साइटवर मूर्तीचा फोटो बघतात, उंची निवडतात, मूर्ती न्यायचा दिवस टाकतात आणि आगाऊ रक्कम भरतात. मालकांच्या पुतण्याचा फोन आला. "दादा, बुकिंगचं बटण दाबलं की पाचशेची एरर येतेय. बाकी साइट झकास चालू आहे. गॅलरीचं नवं प्लगिन टाकलं होतं, ते बंद केलं तरी तेच. आता बुकिंगचं प्लगिन डिलीट करून परत टाकू का?"

"डिलीटला अजिबात हात लावू नकोस," मी म्हटलं.

वर्डप्रेसमध्ये प्लगिन निष्क्रिय करणं आणि डिलीट करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. निष्क्रिय केलं तर त्याची माहिती डेटाबेसमध्ये जशीच्या तशी राहते. डिलीट केलं की बरीच प्लगिन्स जाता जाता आपली कोष्टकंही पुसून टाकतात, आणि बुकिंगच्या प्लगिनची कोष्टकं म्हणजे कुणाची कुठली मूर्ती, किती पैसे आले, कुणाला कधी द्यायची, हा सगळा हिशेब. चतुर्थी तोंडावर असताना तो गेला तर कारखान्याच्या दारात उभं राहणंही अवघड. म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे: बिघाड कुठलाही असो, आधी डेटाबेस उतरवून घ्यायचा, मगच हात लावायचा.

मग सीपॅनलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या नियंत्रण-पानावर, शिरून एरर लॉग उघडला. 500 हा आकडा फक्त एवढंच सांगतो की सर्व्हरच्या पोटात काहीतरी बिनसलं. काय बिनसलं ते लॉगमध्ये असतं. तिथे एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटली होती: फेटल एरर, कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन, आणि पुढे नाव क्रिएट_फंक्शन. त्याच ओळीत फाइलचा पूर्ण पत्ता आणि शेवटी ओळीचा क्रमांक. पत्त्यात 'प्लगिन्स' या शब्दानंतर जे फोल्डर येतं, ते दोषी प्लगिनचं. नव्या गॅलरीचा त्यात मागमूसही नव्हता. बुकिंगच्या प्लगिनमधली, मूर्ती द्यायची तारीख मोजणारी फाइल होती ती.

वर्डप्रेस पीएचपी या भाषेत चालतं. क्रिएट_फंक्शन ही त्या भाषेतली जुनी सोय. 7.2 आवृत्तीपासून ती जुनाट ठरवली गेली, पण चालत होती, फक्त लॉगमध्ये इशारा पडायचा. 2020च्या नोव्हेंबरमध्ये पीएचपी 8.0 आलं आणि त्यात ती काढूनच टाकली. पुढे 2022च्या नोव्हेंबरमध्ये 7.4चा सुरक्षा-आधार संपला, तेव्हा होस्टिंग कंपन्यांनी ग्राहकांना 8वर हलवायला सुरुवात केली. या कारखान्याचा सर्व्हरही असाच हलवला गेला होता. मालकांनी कशालाच हात लावला नव्हता, तरी त्यांच्या पायाखालची जमीन बदलली होती. आणि दोषी कोड फक्त तारीख मोजताना चालत असल्यामुळे मुखपृष्ठ, फोटो, पत्ता सगळं ठाकठीक दिसत होतं. अडत होतं ते पैसे भरायला आलेलं गिऱ्हाईक.

सीपॅनलमध्ये पीएचपीची आवृत्ती निवडता येते. ती तात्पुरती 7.4वर मागे नेली आणि बुकिंग सुरू झालं. हा उपाय हंगामापुरताच. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणाऱ्या आवृत्तीवर पैसे घेणारी साइट कायम ठेवणं मला पटत नाही. अनंत चतुर्दशीनंतर ते प्लगिन बदललं, कारण त्याच्या निर्मात्याने कित्येक वर्षांत नवी आवृत्ती काढलेली नव्हती. प्लगिनच्या पानावर 'शेवटचा बदल' कधी झाला ते लिहिलेलं असतं. घेताना चांदण्या मोजण्यापेक्षा ती तारीख आधी बघा.

पुतण्याने नंतर विचारलं, "पण वर्डप्रेस बिघाडाची मेल पाठवतं ना?" पाठवतं. मे 2019मध्ये आलेल्या 5.2 आवृत्तीपासून ती सोय आहे. एखादं प्लगिन कोसळलं की व्यवस्थापकाच्या पत्त्यावर मेल येते, तिच्यातल्या खास दुव्याने आत शिरून ते प्लगिन थांबवता येतं. पण ही मेल निघते ती मुख्यतः लॉगिनच्या किंवा आतल्या व्यवस्थापनाच्या पानावर कोसळलं तर. केवळ गिऱ्हाइकाच्या पानावर एरर येत असेल तर ती येत नाही. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी आणि चालू असतानाही स्वतः गिऱ्हाईक होऊन एक बुकिंग शेवटपर्यंत करून बघायला हवं. आणि मेल निघाली तरी जाते कुणाकडे? या साइटवर व्यवस्थापकाचा पत्ता साइट बनवणाऱ्या मुलाचा होता, आणि तो नोकरीसाठी केव्हाच पुण्याला गेला होता. आपल्याकडे हे घरोघरी आहे. हमरापूर-जोह्यापासून रोह्याच्या बाजारपेठेपर्यंत मी ज्या साइट पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच साइटचे डोमेन, होस्टिंग आणि व्यवस्थापक हे तिन्ही पासवर्ड मालकाकडे नव्हते. कारखान्याच्या कुलपाची किल्ली आपण परक्याकडे ठेवत नाही. हे पासवर्डही मालकाच्याच कपाटात हवेत. सीपॅनलचा पासवर्ड नसेल तर लॉगही उघडता येत नाही, आणि मग वर सांगितलेलं सगळं हवेत.

रोहा तालुक्यातली गोष्ट वेगळी. कोलाडजवळच्या एका घरगुती निवासाची साइट सकाळी 503 दाखवून बंद पडायची आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू व्हायची. कुंडलिकेतलं राफ्टिंग भिऱ्याला वीजनिर्मितीनंतर सकाळी सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर चालतं, त्यामुळे पर्यटकांची चौकशी सकाळीच असते, आणि नेमकी तेव्हाच साइट झोपायची. इथे लॉगमध्ये फेटल एरर नव्हती. कोड तुटला की 500 येते; 503 किंवा 508 आली की बहुतेक वेळा सर्व्हरवर भार जास्त झालेला असतो. म्हणून होस्टिंगमधला संसाधनांच्या वापराचा आलेख उघडला. साडेसातला त्यात उंच सुळका दिसत होता.

बॅकअपच्या प्लगिनला वेळ दिली होती रात्री 2ची. पण साइटचं घड्याळ वर्डप्रेसच्या मूळ सेटिंगवर, म्हणजे जागतिक वेळेवर राहिलं होतं. तिकडचे रात्रीचे 2 म्हणजे आपले सकाळचे साडेसात. सेटिंगमध्ये 'कोलकाता' निवडलं आणि निम्मा प्रश्न सुटला. उरलेला निम्मा असा, की वर्डप्रेसची ठरलेली कामं घड्याळाने सुरू होत नाहीत, कुणीतरी साइट उघडली की सुरू होतात. मध्यरात्री कुणी फिरकलं नाही तर बॅकअप सकाळच्या पहिल्या पाहुण्याची वाट बघत बसतो. म्हणून ती अंतर्गत सोय बंद करून सीपॅनलमधून खरा, घड्याळाने चालणारा क्रॉन लावला. बॅकअपची फाइलही त्याच सर्व्हरवर साठत होती, ती बाहेर नेली. सर्व्हर गेला तर त्याच्याच पोटातला बॅकअप काय कामाचा?

तिसरा प्रकार ओळखता आला पाहिजे, नाहीतर नसत्या जागी शोध चालतो. 11 ऑगस्ट 2020 रोजी वर्डप्रेस 5.5 आलं, त्या वर्षीच्या गणपतीच्या अवघे 11 दिवस आधी, टाळेबंदीच्या काळात. त्यात जेक्वेरी मायग्रेट हा जुना जोड काढला गेला आणि जगभर अनेक साइटची बटणं आणि फॉर्म बंद पडले. सर्व्हर ठणठणीत, पानंही उघडत, पण दाबलेलं बटण हलत नाही. अशा वेळी सर्व्हरचा लॉग कोरा असतो, बिघाड ब्राउझरच्या कन्सोलमध्ये दिसतो.

होस्टिंगचा लॉग मिळालाच नाही, तर डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये डीबग आणि डीबग-लॉग चालू करायचं, आणि डीबग-डिस्प्ले बंद ठेवायचं, म्हणजे एरर गिऱ्हाइकाला न दिसता वेगळ्या लॉग-फाइलमध्ये उतरते. ही लॉग-फाइल साधारणपणे बाहेरून कुणालाही उघडता येते, म्हणून काम झालं की पुसून टाकायची. आतलं पानच उघडत नसेल, तर फाइल मॅनेजरमधून त्या एका प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदलायचं. ते आपोआप निष्क्रिय होतं आणि माहिती शाबूत राहते. कुठलं प्लगिन ते कळत नसेल आणि आत शिरता येत असेल, तर वर्डप्रेसचं हेल्थ चेक प्लगिन आहे. त्यातल्या तपासणी पद्धतीत सगळी प्लगिन्स फक्त तुमच्यापुरती बंद होतात, बाहेर गिऱ्हाइकाला साइट पूर्वीसारखीच दिसते. मग एकेक चालू करत जायचं.

अपडेट करायचे ते माघ-फाल्गुनात करा, साइटची प्रत वेगळ्या जागी उभी करून तिच्यावर आधी. मूर्ती गाडीत चढायला लागल्या की चतुर्थीपर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या, तेवढ्याच.