येतानाचं पाणी

रत्नागिरी,
नवरात्र, तिसरी माळ

चि. बाळ,

होडी घेतलीस हे वहिनीने फोनवर सांगितलं आणि फार बरं वाटलं. आपल्या घरातली होडी तुझ्या आजोबांबरोबर संपली होती, ती पुन्हा आली, तीही इतक्या लांब, ऑकलंडात. पण त्याच फोनमध्ये ती पुढे बोलून गेली की लेबर डेच्या सुट्टीत तू आणि तुझे दोन मित्र मानुकाऊ बंदराच्या मुखातून बाहेरच्या समुद्रात जाणार आहात. तिला त्या नावाचा अर्थ माहीत नाही, म्हणून तिने ते सहज सांगितलं. मला तो माहीत आहे. दोन रात्री मी नकाशा उघडून बसलो आहे. फोनवर बोललो तर तू "हो काका, बघतो" म्हणशील आणि विषय तिथेच राहील, म्हणून लिहितो. राग आला तरी शेवटपर्यंत वाच.

होडी चालवू नकोस असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की पहिलं वर्ष होडी अशा पाण्यात शिकावी जिथे चूक झाली तर माघारी फिरता येतं. शिकणाऱ्याच्या हातून चुका होणारच, त्याशिवाय हात बसत नाही. प्रश्न चुकीच्या किमतीचा आहे. रॅम्पवर ट्रेलर उलटा नेताना चुकलास तर गाडी पुढे घेऊन पुन्हा प्रयत्न करता येतो, मागे रांगेत उभे असलेले लोक थोडे वैतागतील. पूर्वेकडे हॉराकी आखातात, रंगीटोटो बेटाच्या आडोशाला इंजिन बंद पडलं तर नांगर टाकून बसता येतं आणि कोणीतरी टोचन करून आणतं. मुखावरच्या वाळूवर लाटा फुटत असताना इंजिन बंद पडलं, तर नांगर तळाला धरायच्या आत होडी लाटेला आडवी होते. तिथे दुसरा प्रयत्न नाही. ज्या जागी दुसरा प्रयत्न नाही, ती जागा शिकायची नव्हे, शिकून झाल्यावर जायची आहे.

आणि शिकून झालेलं नाही, हे मी अंदाजाने म्हणत नाही. घरच्या ग्रुपवर तू टाकलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. गाडीच्या आणि ट्रेलरच्या जोडापाशी सुरक्षा साखळी नुसती लोंबकळत होती, गाडीला अडकवलेली नव्हती. दुसऱ्या तुकड्यात तू इंजिन चालू करून पुढे निघालास तेव्हा इंजिन बंद करणारी लाल दोरी तुझ्या मनगटाला किंवा मांडीला नव्हती, स्टिअरिंगपाशी लटकत होती. जोडाचा गोळा निसटला तर ट्रेलर रस्त्यावर मोकळा सुटू नये म्हणून साखळी असते. चालवणारा पाण्यात पडला तर होडी तशीच पळू नये, किंवा गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ नये, म्हणून ती दोरी असते. दोन्ही कामं अर्ध्या मिनिटाची आहेत. कोणी बघत नसताना, घाई नसताना ज्याच्या हातून ती राहतात, त्याच्या हातून तीन मीटरची लाट पाठीशी असताना काय काय राहील, याचा विचार मी करतो आणि मला झोप लागत नाही.

टोचनाचंही एक शास्त्र आहे, ते नीट घे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडावर, म्हणजे गाडीच्या मागच्या टोकावर यायला हवा. पेट्रोलची टाकी, बर्फाची पेटी, नांगर असं सगळं होडीच्या मागच्या अंगाला रचलंस तर पुढचं टोक हलकं होतं आणि वेग वाढला की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. तसं झालं तर ब्रेक दाबायचा नाही, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं. तिथे ट्रेलर मागे असताना ९० किलोमीटरची मर्यादा आहे, ती पाळ. उलटं जाताना हात स्टिअरिंगच्या तळाला धर. ट्रेलर उजवीकडे जायला हवा असेल तर तळाचा हात उजवीकडे, डावीकडे हवा असेल तर डावीकडे. फक्त अगदी थोडा हलव आणि वाट बघ, ट्रेलर उशिरा ऐकतो. रॅम्पच्या वर, कोरड्यावर थांबून बुडाचं बूच बसवलंय का ते हाताने चाचपून बघ, डोळ्यांनी नव्हे. लांबून आलास की चाकांची बेअरिंग तापलेली असतात. ती तशीच थंड खाऱ्या पाण्यात बुडवलीस तर आत पाणी ओढलं जातं आणि पुढच्या मोसमात रस्त्यात चाक अडतं. म्हणून दहा-पंधरा मिनिटं थांब, तेवढ्यात पट्टे सोडून होतात. होडी पाण्यात तरंगेपर्यंत नाळेचा हूक मात्र सोडू नकोस. सुट्टी नसलेल्या दिवशी संध्याकाळी जाऊन, गळ न नेता, एकाच संध्याकाळी तीन वेळा होडी उतरव आणि तीन वेळा वर घे. मग घरी येऊन सगळं गोड्या पाण्याने धू. हे कंटाळवाणं वाटेल. पण यात चुकलास तर चुकू दे.

आता मुखाकडे येतो, कारण जीव तिथेच अडकला आहे. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा का तयार होतो ते तुला भाट्याच्या खाडीवरून ठाऊक आहे. आतलं पाणी वाळू बाहेर ढकलतं, समुद्र ती परत आत ढकलतो, आणि दोघांच्या मध्ये ती साचते. मानुकाऊला हेच आहे, फक्त मोजमाप निराळं आहे. ओहोटीला तिथे बंदराचा मोठा भाग उघडा पडतो, म्हणजे तेवढं सगळं पाणी सहा तासांत एका मुखातून बाहेर धावतं. समोरून टास्मन समुद्राच्या लाटा येतात, ज्यांना वाटेत एकही बेट आडवं येत नाही. लांबून आलेली लाट उथळ तळाला लागली की मंदावते आणि उंच होते, आणि समोरून पाण्याचा ओघ आला की आखडून उभी राहते. दोन्ही एकाच जागी झालं की ती फुटते. भरती पुरी होताना जिथे नुसता फुगवटा होता, तिथे तीन तासांनी भिंत असते. ओहोटीचा जोर तिसऱ्या आणि चौथ्या तासाला सर्वांत जास्त असतो, आणि सकाळी भरतीवर बाहेर पडलेल्या माणसाची मासे मारून परतायची वेळ बरोबर तीच येते. आत्ता जाता येईल का, एवढंच माणूस सकाळी बघतो. येताना पाणी कसं असेल ते तिथे उभं राहून दिसत नाही.

आणि येताना तर आणखीच कमी दिसतं. बाहेर जाताना लाट समोर असते, तिचं तोंड दिसतं, नाळ तिच्यावर धरता येते, नको वाटलं तर दांड्याच्या आधीच वळता येतं. समुद्राकडून आत येताना फक्त लाटांच्या पाठी दिसतात, आणि फुटणारी लाट पाठीमागून शांत दिसते. आपण दांड्यावर आलो हे कळेपर्यंत मागची लाट होडी उचलते, होडी तिच्यावरून घसरत पुढे धावते, नाळ समोरच्या खळग्यात रुतते, मागची बाजू एका अंगाला फेकली जाते. ब्रिटिश नौदलाचं ऑर्फियस हे जहाज याच मानुकाऊच्या दांड्यावर ७ फेब्रुवारी १८६३ रोजी फुटलं. सिडनीहून येत होतं, दिवसाउजेडी, चांगल्या हवेत. २५९ माणसांपैकी १८९ गेली. हाताशी नकाशा होता, पण नकाशा केला तेव्हाची वाळू जागेवर राहिलेली नव्हती. तिथून वर उत्तरेला कैपाराच्या मुखावर २६ नोव्हेंबर २०१६ रोजी फ्रान्सी नावाची होडी मासेमारीच्या सहलीवरून परतताना उलटली. ११ जणांपैकी ८ गेले. मध्ये दीडशेहून जास्त वर्षं गेली, इंजिनं आली, रेडिओ आला, उपग्रह आले. दोन्ही वेळा होडी समुद्राकडून आत येत होती.

तू म्हणशील, आमच्यातला एकजण पाच-सहा वेळा जाऊन आला आहे. फ्रान्सीवरचा कप्तान त्याहून कितीतरी अनुभवी होता. मोठ्या जहाजांवर तर बंदरात शिरताना तीस वर्षं समुद्रात काढलेला कप्तानही स्थानिक पायलट घेतो, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, कारण मुखावरचं पाणी त्या जागच्या माणसालाच कळतं. पाच-सहा चांगल्या दिवसांनी वाईट दिवस कसा असतो ते शिकवलेलं नसतं. मोबाइलवर लाटेची उंची दिसते म्हणशील, तर ती उंची खुल्या समुद्राची असते. वाळूवर तिचं काय होईल ते त्या आकड्यात नाही. आणि जीपीएसवरचा नकाशा कितीही ताजा असला तरी तो मोजणी झाली त्या दिवसाचा असतो. ॲल्युमिनियमची होडी बुडणार नाही म्हणशील, तर घटकाभर तसं धरू. पण ती उलटली की माणसं बाहेर फेकली जातात, आणि ऑक्टोबरात तिथलं पाणी पंधरा अंशांच्या आसपास असतं. आपल्या इथल्या कोमट पाण्यात पोहायला शिकलेल्या माणसाला त्या थंडीत पहिलं एक मिनिट श्वासच धरता येत नाही. मुख ओलांडताना लाइफ जॅकेट अंगात घातलेलं हवं असा तिथे नियम आहे तो यासाठी. सीटखाली ठेवलेलं जॅकेट त्या एका मिनिटात हाताला लागत नाही.

आणखी एक गोष्ट तू बोलणार नाहीस, पण मनात असेल, की आपल्या रक्तातच होडी आहे. आजोबा रोज भाट्याचं मुख ओलांडत होते, हे खरं. पण ते रोज तेच मुख ओलांडत होते. वाळू या आठवड्यात कुठे सरकली ते त्यांना लाटेच्या रंगावरून कळायचं, कारण मागच्या आठवड्यातला रंग त्यांनी पाहिलेला असायचा. आणि एवढं कळत असूनही नारळी पौर्णिमेपर्यंत ते होडी वर ओढून ठेवत. ते ज्ञान रक्तातून येत नाही, जागेतून येतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपला हिशेब ऑकलंडात चालत नाही. एकाच शहराच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या भरतीत तिथे तीन तासांच्या आसपास फरक आहे. पूर्वेकडच्या वेळेवर विसंबून कोणी पश्चिमेला निघाला, तर त्याला वाटतं त्याहून निराळ्याच पाण्यात तो मुखावर पोचेल.

मी हे फार कडक लिहिलं, मला जाणवतं आहे. पण एक सांगतो, त्यावरून समजून घे. मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा मला मोठ्या जहाजांचा अभिमान होता आणि आजोबांची खाडी मला लहान वाटायची. विचारायला मी कमीपणा मानला. ते गेल्यावर कळलं की त्यांच्याजवळचं बरंच काही कुठल्याही पुस्तकात नाही, आणि आता सांगायला कोणी नाही. तो सल अजून आहे. तू मात्र विचार. तिथे कोस्टगार्डचा डे स्किपरचा वर्ग असतो, तो कर, आणि मुख ओलांडण्याबद्दल वेगळं विचार. रेडिओ घे, १६ नंबरच्या चॅनलवर बोलायची सवय कर. आणि या सुट्टीत मुखावर जायचंच असेल तर होडी घरी ठेवून जा. दक्षिणेच्या बाजूला दीपगृह आहे, तिथून सगळा दांडा दिसतो. भरती पुरी झाली की जाऊन बस आणि ओहोटी संपेपर्यंत सहा तास नुसतं बघ. कुठली वाट शेवटपर्यंत काळी राहते, कुठे पांढरं आधी दिसतं, ते वहीत लिहून ठेव. सूनबाईलाही ने, डबा घेऊन जा, वारा असेल, तिला स्वेटर घालायला सांग. ती वही मला पाठव. मला ते पाणी बघायला मिळणार नाही, तुझ्या अक्षरातून तरी बघेन.

होडीला नारळ वाढवलास की नाही ते वहिनीला विचारायचं राहिलं. नसशील तर तिथल्या दुकानातून आण आणि वाढव, पाण्यात उतरवायच्या आधी. नाव काय ठेवलंस तेही कळव. आजोबांच्या होडीचं नाव ठेवणार असशील तर मला फार आनंद होईल, पण मनात नसेल तर माझ्यासाठी ठेवू नकोस.

आखातात पहिल्यांदा जाशील त्याच्या आदल्या दिवशी मला सांग. तू पहाटे सहाला होडी उतरवशील तेव्हा इथे आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतील, आणि दुपारी बाराला परत आलास तर इथे पहाटेचे साडेचार. वेळेचा विचार करू नकोस. होडी ट्रेलरवर चढवून झाली की फोन कर, मी तो उशाशी ठेवलेला असेल.

तुझा,
काका